शेवटचा फर्मा

त्या पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं, पहिली चार पानं नव्हती आणि शेवटचा सबंध फर्मा गळून गेला होता. म्हणजे सोळा पानं. रहस्यकथेची शेवटची सोळा पानं नसणं म्हणजे काय, हे ज्यानं तशी पुस्तकं वाचली आहेत त्यालाच कळेल. नायक तळघरात उतरलेला, हातातला कंदील विझलेला, मागं पावलांचा आवाज. आणि पान उलटावं तर पुठ्ठा. पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली वाचनालयाची तारखांची चिठ्ठी. चिठ्ठीवर एकाखाली एक जांभळे शिक्के. मी ते मोजले होते. तेवीस. माझ्याआधी तेवीस वेळा हे पुस्तक कुणीतरी घरी नेलं होतं आणि कधीतरी, त्यातल्याच कुणाच्या तरी घरी, त्याची शिवण सुटली होती. मी बारा वर्षांचा होतो. १९८५ सालचा हिवाळा.

मी नानांकडं गेलो. नाना म्हणजे माझे थोरले मामा. प्रवरानगरच्या साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. महाराष्ट्रातली सहकारी साखर कारखानदारी जिथून सुरू झाली तो हा कारखाना. पहिलं गाळप १९५०च्या डिसेंबरात झालं. हंगामात नानांची रात्रपाळी असली की त्यांचा डबा घेऊन मी आमच्या कोल्हारहून घोटी रस्त्यानं सायकल मारत जायचो. दोन्ही बाजूंनी उभा ऊस, मध्ये पट्टीसारखा रस्ता, आणि कारखाना जवळ आला की हवेत मळीचा आंबूस-गोड वास. काट्यापुढं टायरगाड्यांची रांग लागलेली असे. बैल उभ्या उभ्या रवंथ करत, गाडीवान उसाच्या मोळीला टेकून घोंगडीत डुलक्या घेत. नानांच्या टेबलावर पावतीपुस्तक, कार्बन पेपर, पेन्सिल. आणि खणात एक कादंबरी. एक गाडी काट्यावरून उतरून दुसरी चढेपर्यंत जो वेळ मिळे, त्यात नाना वाचत. गाडी चढली की पानात कार्बनचा कपटा ठेवून खण बंद. त्यांच्या पुस्तकांच्या पानांवर नेहमी निळे ठसे असत.

‘‘नाना, याचा शेवट फाटलाय.’’

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चाळलं. ‘‘कुठवर आलास?’’

‘‘तळघरात. कंदील विझलाय.’’

‘‘मग डबा ठेव खाली आणि ऐक.’’

नानांनी शेवट सांगितला तो अकरा गाड्यांचं वजन होईपर्यंत. मागून येणारी पावलं शत्रूची नव्हतीच. ज्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर नायकानं पुस्तकभर संशय घेतला, तोच त्याच्यामागं कंदील घेऊन उतरत होता. ‘‘साहेब, तेल मी घालतो,’’ एवढंच तो म्हणतो. इथं एक गाडी आली. नानांनी वजन मांडलं, पावती फाडली, गाडीवानाला दोन शब्द विचारले, आणि मी जीव मुठीत धरून उभा. मग कळलं की, ज्यानं नायकाला मदतीसाठी बोलावून घेतलं होतं तोच खरा गुन्हेगार. का बोलावलं? त्याला कुणीतरी पकडावं असं त्याच्याच मनातून वाटत होतं. तेव्हा मला ते पूर्ण कळलं नाही. पण परत येताना उसाच्या त्या अंधाऱ्या बोळातून सायकल चालवताना मला भीती वाटली नाही; मागं पावलं वाजली असती तरी वाटलं असतं, कुणीतरी कंदील घेऊन येतंय.

आमच्याकडं तेव्हा वाचणं दोन प्रकारचं होतं, अभ्यास आणि पारायण. दोन्हींना मान होता. कोल्हारवरून वाहणाऱ्या प्रवरा नदीच्या काठानं खाली गेलं की नेवासं, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. त्यामुळं पोथी उघडून बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नसे. भगवतीच्या देवळात नवरात्रात पहाटे पाठाला बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, एकीचंही लक्ष ढळायचं नाही. पण गोष्टीचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलेल्या पोराला कुणीही उठवावं, पाणी भरायला धाडावं. नानांच्या घरी मात्र हा तिसरा प्रकार, निव्वळ गोडी लागली म्हणून वाचण्याचा, उघड चालत असे. दुपारी भांडी आवरून झाली की मामीसुद्धा नारायण धारपांचं पुस्तक घेऊन उंबऱ्यात उजेडाला बसायची. गोष्टीत धारपांचे नायक समर्थ आले की तिचा चेहरा सैल पडायचा. सगळं अघोर, सगळं अंगावर येणारं, पण आता समर्थ आलेत, आता सूत्रं त्यांच्या हातात. धारपांचं हे बळ मला आजही मोठं वाटतं. भय किती ताणायचं आणि आधार नेमका कधी द्यायचा, याचं त्यांचं गणित पक्कं होतं.

मालिकेची गोडी याच आधारात आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद: ही माणसं महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणाऱ्या पाहुण्यांसारखी होती. त्यांच्या सवयी ठाऊक, बोलण्याची ढब ठाऊक. ते मरणार नाहीत हेही ठाऊक. तरी छातीत धडधड व्हायची. ज्यांना हे वाचन माहीत नाही ते म्हणतात, नायक मरणारच नसेल तर उत्कंठा कसली? पण उत्कंठा नायक जगतो की मरतो याची नसतेच. तो यातून कसा निघतो याची असते. कुस्तीत घरचा पैलवान खाली आलेला असतो, तेव्हा आपण श्वास रोखतो तो कोणता डाव टाकून तो सुटतो हे पाहायला.

आणि या लेखकांचे कष्ट किती! अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. एकेका महिन्यात अनेक कादंबऱ्या लिहून द्यायच्या, तोच नायक, तेच वाचक, आणि वाचक तर बारकाईनं हिशोब ठेवणारे. समीक्षेनं यांच्याकडं क्वचितच पाहिलं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते मोकळेपणानं म्हणतो. वर्तमानपत्रापलीकडं काही न वाचणाऱ्या कितीतरी घरांत पुस्तक नावाची वस्तू पहिल्यांदा यांच्या हातून शिरली. शिरवळकरांना ‘सुशि’ म्हणणारे त्यांचे वाचक तर अजून जमले की अमर विश्वासच्या कोर्टातल्या उलटतपासण्या रंगवून सांगतात. शिरवळकर पुढं ‘दुनियादारी’ लिहून वेगळ्या वाटेनं गेले. २००३ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी वारले. गुरुनाथ नाईक गेले २०२१मध्ये. मी नानांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘कॅप्टन दीप आता कुणी लिहायचा?’’

रहस्यकथा मान खाली घालून वाचायची असते. कुणी हाक मारली तरी मान वर होत नाही, जेवताना पुस्तक ताटाशेजारी, कंदिलाच्या काचेशी नाक. दुसऱ्या जातीच्या पुस्तकांनी मला मान वर करायला लावली.

त्याची सुरुवात भा. रा. भागवतांपासून झाली. त्यांचा फास्टर फेणे सगळ्यांनीच वाचलेला असतो. पण भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, त्यात ‘चंद्रावर स्वारी’ होतं. व्हर्ननं चंद्राकडं जाणारा गोळा फ्लॉरिडातून उडवला, त्यात तीन माणसं बसवली आणि परतताना त्यांना पॅसिफिक महासागरात उतरवलं. १९६९ साली अपोलो अकरा फ्लॉरिडातूनच निघालं, तीनच माणसं घेऊन, आणि उतरलं ते पॅसिफिकमध्ये. मधे शंभरहून अधिक वर्षं. हे मला सांगणारे शाळेतले सर फळ्यापाशी थांबले आणि खिडकीबाहेर पाहू लागले, एवढं आठवतं. वर्गातली सगळी पोरंही बाहेर पाहू लागली. बाहेर उन्हात शाळेचं मैदान होतं फक्त.

मग जयंत नारळीकर. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिगत स्वतःच एक रहस्यकथा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. आपलं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं, स्वतःच्या ज. वि. ना. या आद्याक्षरांचा उलटा क्रम. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून काढून घेतली. ‘कृष्णविवर’ या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनीही १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी लिहिली होती. दिवसा समीकरणं सोडवावीत आणि संध्याकाळी गोष्ट सांगावी, यात कमीपणा नाही, हे शिष्यानं गुरूकडं पाहिलेलं होतं.

नानांना नारळीकरांची ‘धूमकेतू’ फार आवडली. त्यात हौसेनं आकाश पाहणारे एक गृहस्थ नवा धूमकेतू शोधतात, आणि तोच पुढं पृथ्वीवर आदळेल असं गणित निघतं. ती वाचून झाली तेव्हा १९८६चा मार्च होता आणि खराखुरा हॅलेचा धूमकेतू आकाशात होता. एका पहाटे नाना रात्रपाळीवरून घरी न जाता सायकल घेऊन थेट आमच्या दारात. आईनं मला उठवलं, अंगाला चादर गुंडाळली, आणि आम्ही प्रवरेच्या पात्रात वाळूवर जाऊन उभे राहिलो. पुलावरून नगर-मनमाड रस्त्याचे ट्रक जात होते; त्यांचा उजेड पाण्यावरून सरकायचा आणि पुन्हा अंधार. नानांनी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. त्यावर दिशा, वेळ, कुठल्या ताऱ्याजवळ, सगळं. बराच वेळ काही दिसेना. मग आग्नेयेला, क्षितिजाच्या थोडं वर, सरकी काढल्यावर बोटाला राहतो तेवढा कापसाचा पुंजका. थेट पाहिलं की नाहीसा व्हायचा, नजर जराशी बाजूला नेली की दिसायचा.

‘‘हाच?’’ मी विचारलं.

‘‘हाच. आता पंचाहत्तर वर्षांनी.’’ त्यांनी बोटांवर हिशोब केला. ‘‘दोन हजार एकसष्ट. तू अठ्ठ्याऐंशीचा असशील. लक्षात ठेव, इथंच उभा राहा.’’

नानांच्या कपड्यांना मळीचा वास येत होता.

नारळीकरांच्या पुस्तकांपैकी सर्वांत खोल शिरलेली कादंबरी मात्र ‘वामन परत न आला’. तिच्यात जमिनीखाली खणताना एक पेटी सापडते. फार पूर्वी होऊन गेलेल्या, आपल्याहून पुढं गेलेल्या माणसांनी ठेवलेली. आमच्याकडं विहिरी खणायचं काम बारमाही. यारी लावलेली असायची, दगडमातीनं भरलेली बादली वर येऊन कलंडायची, आणि मी ती कादंबरी वाचल्यापासून प्रत्येक बादलीकडं निरखून पाहायचो. खडक, मुरूम, ओला मुरूम. पण ही आशा वेड्याची नव्हती, हे मला पुढं कळलं. कोल्हारच्या खाली, याच प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथं एका गावकऱ्याला झुडपाची मुळं खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जोडलेला एक रथ, त्यावर उभा राहून हाकणारा माणूस. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. हजारो वर्षांपूर्वीची, सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाशी नातं सांगणारी माणसं आमच्या नदीवर राहत होती. आणि हे सापडलं ते साल १९७४. ‘कृष्णविवर’चंच साल. ज्या वर्षी मुंबईत एक शास्त्रज्ञ दुसऱ्याचं नाव घेऊन काळ-अवकाशाची गोष्ट पाठवत होता, त्याच वर्षी प्रवरेच्या मातीतून तो बैलगाडीवाला वर आला. त्याचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काट्यापुढची रांग आठवली. उभं राहायची ढब तीच होती.

मराठी विज्ञानकथेवर एक आक्षेप नेहमी घेतात, की गोष्ट थांबते आणि व्याख्यान सुरू होतं. आक्षेप खरा आहे. दोन मित्र चहा पिता पिता एकमेकांना सापेक्षतावाद समजावतात, असं पान पुष्कळ कथांत येतं, आणि कथा म्हणून ते पान अशक्तच असतं. पण कोल्हारच्या त्या मुलाला त्याच पानांनी धरून ठेवलं. दुसरीकडून मिळणार तरी कुठून होतं ते? शाळेच्या पुस्तकात कृष्णविवर नव्हतं, मोबियसची पट्टी नव्हती. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचून मी वहीच्या कागदाची पट्टी कापली, अर्धा पीळ देऊन टोकं भाताच्या शितानं चिकटवली आणि पेन्सिल फिरवत राहिलो. न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून पुन्हा सुरुवातीला आली. मामीनं ती पट्टी कितीतरी दिवस देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवली होती.

पुढं पुण्यात शिकायला आलो आणि आयझॅक आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’शी गाठ पडली. त्या तीन पुस्तकांत माझी दोन्ही वाचनं एकत्र आली. एका बाजूला शेकडो वर्षांचा, आकाशगंगेएवढा पट, आणि तरीही प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या तळघरातल्यासारखा विझलेला कंदील. तिसरं पुस्तक १९५३चं. आसिमॉव्हनं मग ती मालिका सोडली. पण वाचकांनी सोडली नाही. ते विचारत राहिले, प्रकाशक मागं लागले, आणि १९८२ साली, जवळजवळ तीस वर्षांनी, त्यानं चौथं पुस्तक लिहिलं. हे वाचून मला नाना आठवले. वाचनालयात पुस्तक परत करताना त्यांचा एकच प्रश्न असे: ‘‘याच्या पुढचं आलंय का?’’

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. त्या आठवड्यात मी त्यांच्या कथा पुन्हा काढल्या. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’पाशी बराच वेळ थांबलो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात जिथं १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. ते परत येतात तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही. पुरावा एकच उरतो, खिशात राहिलेलं बखरीचं एक फाटकं पान. त्या पानावर वेगळा शेवट आहे. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. चाळीस वर्षांनी माझ्यासमोर तो पुठ्ठा, ती तेवीस शिक्क्यांची चिठ्ठी उभी राहिली.

नारळीकरांच्या पुस्तकांची जुनी आवृत्ती मिळते का पाहायला म्हणून मी जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी जात होतो. तिथं पावसाळ्याच्या तोंडावर, प्लॅस्टिकखाली, ते पुस्तक होतं. मुखपृष्ठासकट. मुखपृष्ठावरून मी काय ओळखणार होतो! सहज मधलं पान उघडलं आणि पहारेकऱ्याचं नाव दिसलं. तिथंच उभं राहून मी तळघरापर्यंत गेलो आणि चाळीस वर्षांनी पुठ्ठ्याऐवजी पान आलं.

लेखकाचं नाव इथं लिहीत नाही. त्यानं मला जे दिलं त्याचं मोल मी त्या एका शेवटावरून करणार नाही. पण छापलेल्या शेवटात पावलं एका फौजदाराची होती, आणि गुन्हेगार निघाला तो शेवटच्या आठ पानांत पहिल्यांदा अवतरलेला एक माणूस. कंदिलात तेल घालायला कुणीही खाली उतरलं नव्हतं. मला घाई दिसली. महिन्याचं पुस्तक महिन्यात द्यायचं होतं, छापखाना थांबलेला असणार. नानांनी तो फर्मा कधीच पाहिला नव्हता. तेवीस शिक्क्यांत एक शिक्का त्यांचाही असेल, त्यांच्याही हाती पुठ्ठाच आला असेल. वजनकाट्यावर, अकरा गाड्यांच्या मधल्या मधल्या वेळात, एका पोरासाठी त्यांनी तो शेवट उभा केला होता.

मी पुस्तक घेऊन कोल्हारला गेलो. नाना आता अठ्ठ्याहत्तरचे. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली, पण चष्मा लावून वाचतात. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी पुस्तक हातात दिलं.

‘‘कोणतं रे हे?’’

‘‘तळघराचं. कंदील विझतो ते. तुम्ही मला काट्यावर शेवट सांगितला होता.’’

त्यांनी आठवून पाहिलं. त्यांना आठवत नव्हतं. पहारेकरी नाही, तेल नाही, त्या रात्रीच्या गाड्या नाहीत. मी गोष्ट सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. ‘‘सांगू नको. वाचू दे.’’

आणि ते वाचायला लागले. मान खाली, पुस्तक जरा उजव्या अंगाला झुकवून, अंगठा पुढच्या पानाखाली आधीच सरकवलेला. काट्यावर बसायचे तसेच. मामीनं चहा ठेवला, त्यावर साय धरली. समोरून कुणी हाक मारून गेलं, त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिलो. साडेपाचच्या सुमाराला माझी एस.टी. होती. निघालो तेव्हा ते निम्म्याच्या पुढं गेले होते. वाकून पाया पडलो तर नुसता डोक्यावर हात ठेवला, नजर पानावरच.

रात्री साडेदहाला पुण्यात घराचं कुलूप काढतोय तोच फोन वाजला. नानांचा.

‘‘झालं,’’ ते म्हणाले. ‘‘याच्या पुढचं मिळतंय का बघ.’’